टाळी वाजवू की नको?

या वेळी तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतलीयेत. तिघांची वयं वेगळी, आवडी वेगळ्या, पण अडचण एकच, की जे मनापासून आवडतं त्याच्या मागचं काहीतरी कळलं आणि आता आवडतं म्हणायची चोरी झालीये. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीये कारण तो विषय आपल्या पुण्यातला आहे आणि मला त्यावर बरंच बोलायचं होतं, बाकी दोघांनी राग मानू नये.

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. बालगंधर्वला फक्त महिलांसाठी लावणीचा कार्यक्रम असतो ना, त्याला आमचा भिशीचा अख्खा ग्रुप जातो, शिट्ट्या काय, फेटे काय, खुर्च्यांच्या मधे नाचतो, घरी येईपर्यंत घसा बसलेला असतो. आता मी लावणीचा क्लासपण लावलाय आणि या गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर करायचीये. पण माझी मुलगी समाजशास्त्र शिकते, ती परवा जेवताना म्हणाली, आई तुला माहितीये का हे कुणाच्या जिवावर उभं राहिलंय, पेशवाईत बायका विकत घ्यायचे, आणि आजसुद्धा ज्यांच्या घरात ही कला आहे त्यांना लोक नावं ठेवतात आणि तू केलीस की सगळे म्हणणार वा काय हौशी आहेत. मी चिडले, पण तिने दिलेला लेख रात्री वाचला आणि आता प्रॅक्टिसला पाय उचलत नाही. सोडून देऊ का? की मुलीचं जरा अतीच होतंय?
— एक आई, कोथरूड

उत्तर: सोडू नका. आणि मुलीवर चिडूही नका, ती बरोबर बोलतेय. फक्त तिने एका दमात दोन गोष्टी सांगितल्यात, एक दोनशे वर्षांपूर्वीची आणि एक आजची, आणि तुम्ही बहुतेक पहिलीने हादरलात. मला विचाराल तर खरी टोचायला हवी ती दुसरी.

तरी आधी जुनं बघू. शृंगारिक लावणी बहरली ती उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात म्हणजे १७९६ ते १८१८, आणि तो बहर इथलाच, पुण्यातला. शाहिरांची नावं काढली तर छाती फुगते, राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण, अनंत फंदी संगमनेरचे, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान, वाटतं काय मोकळा काळ असेल. आणि त्याच काळातल्या पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी सापडतात. बाईवर शिंदळकीचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप आला की ती सरकारजमा व्हायची, मग तिला कोठीत, पागेत, दळणकांडणाला राबवायचं, विकायचं, कुणाला तरी देऊन टाकायचं, आणि यात भरणा कुणाचा तर ज्यांच्या मागे बोलायला कोणी नाही अशा जातींतल्या बायकांचा. वरच्या घरातल्या बाईच्या अब्रूची एवढी काळजी करणारं राज्य दुसऱ्या बाईची किंमत रुपयात लावत होतं. आणि लावणीत जी बाई ‘मी’ ‘मी’ म्हणून बोलते, रुसते, बोलावते, तिचे ते शब्द तर शाहिरांनी लिहिलेले, म्हणजे पुरुषांनी. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे आपल्या पुणे विद्यापीठात शिकवायच्या, त्यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं, की या गाण्यांनी एका ठरावीक थरातल्या बाईला कायम तयार, कायम भुकेली असं रंगवलं आणि ते चित्र मग त्या बायकांच्या खऱ्या आयुष्यालाच चिकटलं. मुलीने दिलेला लेख बहुधा त्यांचाच किंवा त्यांच्यावरून लिहिलेला असणार.

पण हेही लक्षात घ्या की लावणी म्हणजे नुसता बाजीरावाचा दरबार नाही. तमाशाच्या फडावर कितीतरी वर्षं बाई नव्हतीच, नाच्या पोऱ्या असायचा, मिसरूड न फुटलेला मुलगा लुगडं नेसून नाचायचा. बायका नंतर आल्या, आणि आल्या त्या महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी अशा घरांतल्या. पवळाबाई हिवरगावकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्या महार, आणि त्यांच्यासाठी लिहिणारे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण. या जोडीच्या तमाशाला तोबा गर्दी. आणि गोष्ट अशी सांगतात की बापूरावांनी या तमाशाच्या कमाईतून चळवळीला देणगी देऊ केली तर बाबासाहेब आंबेडकरांनी ती घेतली नाही, आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको म्हणाले. आंबेडकरी जलसे निघाले ते पण यातूनच, भीमराव कर्डकांसारख्यांनी ढोलकी ठेवली, तमाशाचा साचा ठेवला, शृंगार काढून टाकला आणि गावोगाव चळवळीची गाणी म्हटली. म्हणजे बघा, ज्यांचा हा वारसा त्यांच्यातच शंभर वर्षांपासून वाद चाललाय, की ही कला म्हणजे आपला अपमान की आपलं कसब. काहींनी मान ताठ ठेवून सोडली, काहींनी मान ताठ ठेवूनच धरून ठेवली. दोघांनाही तो हक्क आहे. तुम्ही कोथरूडमध्ये क्लास सोडलात तर त्यातल्या कुणाला काय मिळणार, हा माझा प्रश्न आहे, आणि उत्तर शून्य आहे.

पेशव्यांबद्दल लाज वाटून घेणं तसं सोपं असतं कारण पेशवे गेले. (अर्थात पुण्यात तेही सोपं नाही हे कबूल. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा नाना फडणवीसांच्या नावावरून जे रणकंदन झालं ते आमच्या घरात अजून जेवणाच्या ताटावर निघतं.) अवघड आहे ते मुलीचं दुसरं वाक्य, तुम्ही केली तर कौतुक आणि त्यांनी केली तर नावं. आता ते बघू.

हे असं कसं झालं? लावणी घराघरात पोचवली ती सिनेमाने आणि रेडिओने. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, आपल्या पुण्याच्या विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला, आणि ‘बुगडी माझी सांडली गं’ आशाबाईंच्या आवाजात ज्या बायकांनी स्वयंपाकघरात गुणगुणलं त्या जन्मात कधी तमाशाच्या थिएटरात गेल्या नसत्या आणि कुणी जाऊही दिलं नसतं. सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी, २०२२ ला पद्मश्री मिळाली, डोक्यावरचा पदर ढळू न देता गायच्या, आणि ते आपण किती कौतुकाने सांगतो ना, पदर बघा पदर! त्यांच्या गळ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, असा ठसका परत होणे नाही. पण आपल्या त्या कौतुकात काय लपलंय ते बघा, की लावणी आम्हाला हवी आहे फक्त ती पदरवाल्या बाईकडून हवी आहे.

आणि पदरवाल्या नसलेल्यांचं काय झालं? विठाबाई नारायणगावकर. त्यांच्या घराच्या फडाचं नावच भाऊ-बापू मांग नारायणगावकर, जात लपवण्याचा प्रश्नच नाही, फलकावर लिहिलेली. पोट पुढे आलेलं असताना त्या उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, कनातीच्या आड बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत येऊन खेळ पुरा केला, ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे ती ऐकून वा वा करतात. मला ती कथा ऐकली की वा वा करावंसं वाटत नाही, मला विचारावंसं वाटतं की पुढ्यात बसलेल्यांपैकी एकालाही म्हणता आलं नाही का की बाई, राहू दे आजचा खेळ? १९६२ च्या युद्धात जवानांसमोर नाचायला सरहद्दीपर्यंत जाऊन आल्या, राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान झाला, आणि २००२ ला गेल्या तेव्हा शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीतच काढलेली. आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव देतं.

घरातला जाच समजून घ्यायचा असेल तर किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचा, १९९४ चं आहे, आई तमाशात नाचणारी आणि मुलगा शिकून डॉक्टर झालेला. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घरचे पुरुष कसे बसून खातात आणि तिच्या लग्नाचा विषय कसा कधी निघतच नाही हे त्यात आहे. मुलीला द्यायला मात्र शैलजा पाईक यांचं इंग्रजी पुस्तक चांगलं, तमाशातल्या दलित बायकांवरचं, २०२२ चं. येरवड्यात वाढलेली बाई, अमेरिकेत प्राध्यापक, आणि २०२४ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. दोघींनी मिळून वाचलंत तर जेवताना भांडायला जास्त चांगले मुद्दे मिळतील.

आता तुम्ही काय करायचं. एक तर एकदा खरी बैठकीची लावणी बघा. बालगंधर्वच्या कार्यक्रमात ट्रॅक लावलेला असतो, लाइट असतात, दहा मिनिटात तीन गाणी उरकतात, मजा येते, मी पण जाते. पण बैठकीत बाई बसलेली असते. नऊवारीचा घोळ नीट पसरून, एक गुडघा उभा, चाळ पायात पण पाय जवळपास हलतच नाही. पेटी, तबला किंवा ढोलकी, मागे साथीला एकदोघी. आणि ती एकच ओळ घेते. त्याच ओळीत आधी राग दाखवते, मग त्याच शब्दांवर लाडात येते, मग भुवई अशी उचलते की ती ओळ तुमची थट्टा व्हायला लागते, मग एकदम डोळ्यात पाणी, शब्द तेच. मधेच कोणी फर्माईश करतं, दौलतजादा म्हणून नोट पुढे येते, ती ती नोट घेते, बाजूला सरकवते आणि सूर कुठे म्हणजे कुठेही तुटत नाही, नोट देणाऱ्याला वाटतं माझ्याकडे बघून हसली आणि ती खरं तर पेटीवाल्याला खूण करत असते की पट्टी धर. इथे मला रेगे बाईंच्या पुढे जाऊन एक म्हणावंसं वाटतं. शब्द पुरुषाने लिहिले हे खरं, पण ही जी अदाकारी आहे ती त्याने लिहिलेली नाही, ती या बायकांनी एकमेकींकडून घेतली, मावशीकडून भाचीने, आईकडून लेकीने, आणि तिच्यात त्या पुरुषाला जागच्या जागी गुंडाळून ठेवायचं कसब पण आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीतल्या शेवटच्या मोठ्या बाई, २०१२ ला पद्मश्री, शंभरी ओलांडून २०१८ ला गेल्या. तुमची मुलगी म्हणते कुणाच्या जिवावर उभं राहिलं, तर यांच्या. म्हणून तर बघायचं. दुसऱ्या कुणी केलेला अन्याय आहे म्हणून आपण तोंड फिरवलं तर पाठ कुणाकडे होते, अन्याय करणाऱ्याकडे की नाचणाऱ्या बाईकडे?

कुठे बघायची, तर पुण्यात आर्यभूषण आहे, तमाशा थिएटर, सोलापूर रोडला चौफुल्याची कला केंद्रं आहेत. बायकांनी एकट्यादुकट्याने जायची पद्धत नाही आणि वातावरण काही सवाई गंधर्वचं नसतं, हे आधीच सांगते, चारपाच जणी मिळून, आधी चौकशी करून, पार्टीच्या मालकिणीशी बोलून आमच्यासाठी बैठक लावाल का विचारून जा. ते जमत नसेल तर ‘संगीत बारी’ नावाचा रंगमंचावरचा प्रयोग आहे, भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातूल यांचा, त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीतल्या, म्हणजे थिएटरात लावणी करणाऱ्या पार्ट्यांतल्या, कलाकार स्वतः असतात, तिकीट काढून थिएटरात बसून बघता येतं. मार्च-एप्रिलच्या सुमाराला नारायणगावला चक्कर टाका, पाडव्याच्या आगेमागे तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, कुठला फड, किती रात्री, किती बिदागी, सगळा सौदा तिथे बसून होतो. तो सौदा ऐकला की कळतं की एवढी माणसं, ट्रक, जनरेटर, तंबू घेऊन फिरणाऱ्या फडाच्या हातात शेवटी काय उरत असेल.

आणि सोसायटीचं. स्टेजवर जायच्या आधी निवेदकाच्या हातात चार ओळी लिहून द्या, लावणी कुणाची, कुणाच्या घराण्यातून आलेली अदा, तुमच्या क्लासच्या मॅडम कुणाकडे शिकल्या. मॅडमना हे माहिती नसेल तर तेही कळेलच. ‘आपल्या घरंदाज संस्कृतीचं दर्शन’ वगैरे वाक्य कुणी लिहिलं असेल तर खोडा, प्लीज. दुसरं, सोसायटीचं गणपतीचं बजेट मला माहितीये, ढोलताशा पथक, मांडव, लाइटिंग, ऑर्केस्ट्राला तर कोणी हूं की चूं न करता पैसे काढतात. त्यातून एका वर्षी बारीतल्या एका पार्टीला रीतसर मानधन देऊन बोलवा. आणि बोलावलं तर चहा त्याच कपात द्या ज्यात कमिटीला देता, जेवण त्याच पंगतीत, कपडे बदलायला पार्किंग नको, कुणाचा तरी फ्लॅट द्या. कमिटीत यावर काय चर्चा होते ते मुलीला ऐकायला बसवा, तिला सेमिस्टरचा प्रोजेक्ट तिथेच मिळेल.

प्रश्न: ताई, मी हडपसरला पीजीमध्ये राहतो, आयटीत आहे. एक गायक मला शाळेपासून प्रचंड आवडतो, नाव लिहीत नाही. त्याच्याबद्दल एकापेक्षा जास्त बायकांनी उघडपणे सांगितलंय की त्याने काय केलं. मला त्या खोटं बोलतायत असं वाटत नाही. पण जिममध्ये त्याचं गाणं लागलं की पाय आपोआप हलतो आणि मग स्वतःचाच राग येतो. प्लेलिस्ट डिलीट करू का? रूममेट म्हणतो गाण्याचा काय दोष.
— हडपसर

उत्तर: अरे पाय हलतो त्याचा राग नको येऊ देऊस, पायाला बातम्या वाचता येत नाहीत.

रूममेटचं अर्धं खरं आहे. गाणं एकट्या गायकाचं नसतं, लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, वाजवणारे दहावीस, त्यात कुणीतरी आयुष्यभर सेकंड व्हायोलिन वाजवून मुलं शिकवलेली असतात. पण रूममेटने एक हिशोब सोडलाय. मेलेल्या माणसाचं बघणं-ऐकणं आणि जिवंत माणसाचं यात फरक आहे, आणि तो फरक पैशाचा आणि दबदब्याचा आहे. पॉल गोगँ नावाचा फ्रेंच चित्रकार होता, १८९१ ला ताहितीला गेला, तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला बायको म्हणून ठेवलं आणि तिची चित्रं काढली जी आज जगभरच्या संग्रहालयात आहेत. १९०३ ला मेला. तू त्याचं चित्र बघितलंस तर त्याला काही मिळत नाही, त्या मुलीचा चेहरा मात्र कुणीतरी बघतं आणि तिचं नाव विचारतं. २०१९ ला लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्याच्या चित्रांचं प्रदर्शन लावलं तेव्हा हा विषय झाकला नाही, तिथेच बोलून दाखवला, मला ते पटलं.

तुझा गायक जिवंत आहे. तू ऐकतोस तेव्हा आकडा वाढतो, आकडा वाढला की पुढचा शो मिळतो, शो मिळाला की आयोजक म्हणतो लोकांना तर चालतंय, आणि ज्या बायका बोलल्या त्यांना पुढचं काम मिळायची मारामार होते. तर माझं मत, विकत काही घेऊ नकोस, त्याच्या शोचं तिकीट काढू नकोस, फॉलो काढून टाक. ज्या गाण्यावर तू बारावी काढलीस ते गाणं कुठे लागलं तर कानात बोटं घालायची गरज नाही. आणि बोलणाऱ्या बायकांपैकी कोणी स्वतः गात असेल तर तिचं काही ऐकलंयस का? बहुतेक लोक प्लेलिस्ट डिलीट करण्यात एवढे दमतात की हे राहूनच जातं.

प्रश्न: मी सदाशिव पेठेत राहणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. माझ्या वडिलांनी नारायणराव बालगंधर्वांची नाटकं प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या घरी जिवापाड जपलेल्या आहेत. रविवारी सकाळी लावतो. आमची नात म्हणते, आजोबा, बायकांना स्टेजवर येऊ द्यायचं नाही आणि पुरुषाने बाई बनून टाळ्या घ्यायच्या, याचं काय एवढं कौतुक? मला उत्तर सुचलं नाही. आपण द्यावे.
— एक नाट्यवेडा

उत्तर: आजोबा, नातीचं ऐकून तुम्हाला राग आला नाही, उत्तर शोधताय, हेच सदाशिव पेठेत दुर्मीळ आहे.

नात चुकीचं बोलत नाहीये. घरंदाज बाईने नाटकात काम करायचं नाही, आणि ज्या कलावंत घराण्यातल्या बायका गात होत्या त्यांना तुमच्याआमच्या घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, अशी दोन्हीकडून कडी लावलेली होती. या बंद दाराच्या आतल्या बाजूला स्त्री-पार्ट जन्माला आला. पण दार नारायणरावांनी लावलं नव्हतं. आणि त्या दाराआड त्यांनी जे केलं ते मात्र फक्त त्यांचंच होतं. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या, म्हणजे खऱ्या बायका बाई कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकत होत्या, आता याला हसावं की रडावं ते नातीने ठरवावं. १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि ते तरीही उभे राहिले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नातीला पुढचं सांगा, जे आपण रविवारच्या गप्पांत सांगत नाही. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. म्हणजे सिनेमाला बायका मिळाल्या आणि संगीत रंगभूमी अजून मिशा काढलेल्या नायिकांवर खूश होती. हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ आणि ताराबाईंची मुलगी, जाहीर तिकीट लावून गाणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक, त्यांना एवढं सोज्वळ राहून गावं लागलं की बसल्या जागी हात सुद्धा फार हलवायचा नाही, नाहीतर लोक काय म्हणतील. १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या, बाईचं काम बाईनेच केलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ ला उघडलं, आणि आता तिथे वरच्या पत्रातल्या कोथरूडच्या ताई लावणीला शिट्ट्या मारतात, पुरुषांना प्रवेश नाही. नातीला घेऊन जायला हरकत नाही, तुम्हाला बाहेर कँटीनला थांबावं लागेल.

रेकॉर्ड लावायचं थांबवू नका. रविवारी नारायणरावांच्या नंतर एक हिराबाईंची लावा, एक ज्योत्स्नाबाईंची लावा. नातीला जे बोलायचंय ते बोलू दे, फक्त गाणं संपल्यावर, समेच्या आधी नको, एवढी अट तुम्ही घातलीत तर ती तिलाही मान्य व्हावी.